जास्त आउटपुट की कमी : ब्रिजचा पिकअप बदलतानाचा अनुभव

जानेवारीत हाती घेतलेले एक काम ऑगस्टच्या शेवटी पूर्ण झाले. काम ऐकायला लहान आहे: इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजजवळचा (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) हमबकर पिकअप काढून त्या जागी दुसरा बसवणे. पिकअप म्हणजे तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग, आणि हमबकर म्हणजे दोन कॉइलचा, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्यांचा, पिकअप. त्यातले सोल्डरिंग (वितळवलेल्या धातूने वायर जोडणे) एका दुपारचे होते. बाकीचा बहुतेक वेळ जास्त आउटपुटचा, म्हणजे जास्त जोरकस सिग्नल देणारा, पिकअप घ्यावा की कमी आउटपुटचा, या एकाच प्रश्नात गेला. या प्रश्नावर मते पुष्कळ मिळतात, पण मत देणारा कोणत्या ॲम्पवर, किती आवाजात आणि कशासाठी वाजवतो हे क्वचितच कळते. म्हणून मी ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने, मोजलेल्या आकड्यांसकट सगळे लिहून ठेवत आहे.

माझी गिटार दोन हमबकरची आहे. कारखान्यातून आलेला ब्रिज पिकअप सिरॅमिक चुंबकाचा आणि चांगलाच दणदणीत होता. ॲम्प व्हॉल्व्हचा, एकाच चॅनेलचा, आणि त्याच्या पुढे एक ओव्हरड्राइव्ह पेडल. बँडमध्ये मी दुसरी गिटार वाजवते, म्हणजे बहुतेक वेळ कॉर्ड्स आणि अधूनमधून एखादी सोलो ओळ. अडचण अशी होती की ब्रिज पिकअपवर जाताच ॲम्प लगेच फुटू लागायचा, म्हणजे त्याचा आवाज खडबडीत आणि विकृत व्हायचा. गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करावा, तर त्याच्यातला वरचा चकाकणारा भागच निघून जायचा आणि कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळायचे. एकटीने वाजवताना हे फारसे जाणवत नसे. ड्रम आणि बास सुरू झाले की माझी कॉर्ड कोणती हे मलाच ऐकू येत नसे. दुसरीकडे, सोलोच्या वेळी याच पिकअपची भरीव, लांब टिकणारी नोट मला आवडत होती, आणि ती गमवायची भीतीही वाटत होती. निर्णय लांबला तो मुख्यतः या भीतीमुळे.

पैसे खर्च करण्याआधी फुकटात जे होते ते करून पाहिले, आणि इतरांनीही सुरुवात इथूनच करावी असे मला वाटते. पहिली गोष्ट पिकअपची उंची. दोन्ही टोकांच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायच्या आणि पिकअपच्या पोलचा (तारेखालच्या धातूच्या खुंटीचा) माथा व तारेचा तळ यांमधले अंतर पट्टीने मोजायचे. माझ्या गिटारमध्ये ते दीड मिलिमीटरहून कमी निघाले. जाड तारेच्या बाजूने ते तीन मिलिमीटरपर्यंत आणि बारीक तारेच्या बाजूने अडीचपर्यंत वाढवले, दर वेळी स्क्रूला पाव फेरा देऊन आणि तेच चार बार पुन्हा वाजवून. फरक लगेच कळला: आवाज थोडा कमी झाला, पिकचा आघात स्पष्ट ऐकू येऊ लागला आणि खालच्या तारांचे घुमणे कमी झाले. त्यापुढे आणखी खाली नेल्यावर मात्र आवाज नुसता पातळ होत गेला, हवा तो मोकळेपणा काही आला नाही. पिकअप खाली घेतल्याने सिग्नल कमी होतो, पण पिकअपची मूळ घडण तीच राहते, हे तेव्हा कानांना पटले.

त्या घडणीमागचे कारण थोडे सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा राहिला. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात. वेटोळी वाढवली की सिग्नलचा व्होल्टेज वाढतो, पण त्याबरोबर इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, हेन्रीमध्ये मोजतात) वाढतो. हा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण, पिकोफॅरॅडमध्ये मोजतात) मिळून एक अनुनादाचे शिखर तयार होते. त्या कंपनसंख्येजवळचा आवाज उठून येतो आणि तिच्या वरचा झपाट्याने गळतो. साधारण 4.5 हेन्रीचा कमी आउटपुटचा हमबकर आणि केबलसह एकूण 600 पिकोफॅरॅड धरले, तर हे शिखर 3,000 हर्ट्झच्या आसपास येते. 8.5 हेन्रीचा जास्त आउटपुटचा हमबकर त्याच केबलवर लावला तर ते 2,200 हर्ट्झच्या आसपास उतरते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण गिटारची कॉर्ड गर्दीतून वर येते ती नेमकी याच पट्ट्यामुळे. म्हणजे जास्त आउटपुट घेताना आपण मोठा सिग्नल घेतो आणि त्याबरोबर मध्य भागाकडे झुकलेला, वरून झाकलेला स्वरही घेतो. या दोन गोष्टी एकाच गुंडाळीतून येत असल्याने साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपमध्ये त्यांना पूर्णपणे वेगळे करता येत नाही.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे केबल. चांगल्या केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरॅडच्या आसपास असतो, त्यामुळे लांब केबलऐवजी तीन मीटरची लावली तर हेच शिखर वर सरकते. घरी मी तसे करून पाहिले आणि जुना पिकअपही बराच उजळला. रंगमंचावर तीन मीटर पुरत नाहीत, म्हणून माझ्यासाठी तो कायमचा उपाय ठरला नाही, पण ज्यांचे वाजवणे खोलीपुरते आहे त्यांनी पिकअपच्या यादीकडे वळण्यापूर्वी हे नक्की करून पाहावे.

फेब्रुवारीत मल्टिमीटर घेऊन बसले. गिटार न उघडता मोजण्याची सोपी रीत अशी: केबल गिटारमध्ये खोचायची, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडायचे, निवडीचा स्विच ब्रिजवर ठेवायचा आणि केबलच्या मोकळ्या टोकाच्या टोकदार भागाला व बाहेरच्या नळीला मीटरच्या दोन सळ्या लावायच्या. माझे वाचन 14.4 किलोओम आले. व्हॉल्यूमचा 500 किलोओमचा पॉट (खुंटीखालचा बदलता रोधक) पिकअपला समांतर असल्यामुळे हा आकडा खऱ्याहून थोडा कमी येतो. पुढे पिकअप काढल्यावर थेट मोजला तेव्हा 14.8 आला.

या आकड्याला किती महत्त्व द्यायचे, हे समजून घेण्यात मला बराच वेळ लागला. बाजारात किलोओम हेच आउटपुटचे माप असल्यासारखे बोलले जाते, पण तो केवळ गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचा रोध आहे. ही तार बारीक घेतली तर वेटोळी तेवढीच ठेवूनही रोध वाढतो (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक): 44 गेजची तार 42 गेजच्या तारेपेक्षा तेवढ्याच लांबीला सुमारे 1.6 पट रोध दाखवते. त्यामुळे 16 किलोओमचा पिकअप 8 किलोओमच्या पिकअपपेक्षा दुप्पट जोरकस असेल, असे काही नाही. चुंबक कोणता आहे हेही त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो. दहा अंशांच्या फरकाने तो जवळपास चार टक्के बदलतो, म्हणजे गार खोलीत 8.0 दाखवणारा पिकअप उकाड्यात 8.3 दाखवू शकतो. एकाच जातीची तार आणि एकाच जातीचा चुंबक असलेल्या दोन पिकअपची तुलना करायची असेल तरच किलोओम कामाचे. कंपनीने इंडक्टन्स हेन्रीमध्ये दिला असेल तर तो आधी पाहावा. मिलिव्होल्टमध्ये दिलेले आउटपुट एकाच कंपनीच्या यादीत वर-खाली लावायला ठीक, पण गिटारची तार किती जोराने छेडून ते मोजले याची सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

याच काळात या वस्तूचा थोडा इतिहास वाचला आणि गोंधळ बराच निवळला. गिब्सनमधले अभियंते सेथ लव्हर यांनी हमबकरच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला आणि ते पेटंट 1959 मध्ये मिळाले. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाशी पेटंटसाठी अर्ज केल्याची चिठ्ठी असे, आणि त्यावरून त्यांना पीएएफ (पेटंट अप्लाइड फॉर) हे नाव पडले. ते साधारण 7 ते 9 किलोओमचे, अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकाचे, आजच्या भाषेत कमी आउटपुटचे पिकअप होते. 1972 मध्ये लॅरी डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन आला: सिरॅमिक चुंबक, जास्त वेटोळी, 13 किलोओमच्या वर रोध. त्या काळच्या अनेक ॲम्पमध्ये आजच्याइतका गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) नसे. ॲम्प फोडायचा तर तो फार मोठ्या आवाजात चालवावा लागे. पिकअपनेच ॲम्पच्या पहिल्या टप्प्याला जोरात ढकलले, तर ते काम सोपे होत असे. जास्त आउटपुटचा पिकअप आला तो या गरजेतून. आज गेन ॲम्पमध्ये आहे, पेडलमध्ये आहे, संगणकातही आहे. तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न हळूहळू असा बदलला: मला हवी असलेली फोड कुठून यायला हवी, पिकअपमधून की त्याच्या पुढच्या पेडल-ॲम्पच्या साखळीतून? एडी व्हॅन हॅलेन यांनी स्वतः जुळवलेल्या गिटारमध्ये गिब्सनच्या ईएस-335 मधला जुना हमबकर बसवला होता आणि त्यांचा तो प्रचंड आवाज ॲम्पमधून येत होता, हे कळल्यावर कमी आउटपुट म्हणजे मवाळ वाजवणे ही समजूत माझ्या मनातून गेली.

मार्चमध्ये दोन ओळखीच्या वादकांच्या गिटार काही दिवसांसाठी मागून आणल्या. एकीत जुन्या पद्धतीचा, अल्निको 5 चुंबकाचा आणि सुमारे 8 किलोओमचा हमबकर होता. दुसरीत माझ्याहूनही जोरकस सिरॅमिक. गिटार वेगळ्या, लाकूड वेगळे, तारा वेगळ्या, त्यामुळे ही तुलना कच्चीच होती, पण दिशा ठरवायला पुरेशी होती. तिन्ही गिटार माझ्याच ॲम्पवर, एकाच केबलने आणि एकाच पिकने वाजवल्या. दुसऱ्याच्या ॲम्पवर ऐकून ठरवू नये, असा माझा आग्रह आहे, कारण आउटपुट हा पिकअप आणि ॲम्प यांच्या जोडीचा गुण आहे.

इथे एक काळजी घेतली नाही तर कान फसतात. व्होल्टेज दुप्पट म्हणजे 6 डेसिबलची वाढ, आणि जे मोठे ऐकू येते ते पहिल्या क्षणी चांगलेच वाटते. म्हणून प्रत्येक गिटारवर तोच तुकडा, ॲम्प मध्ये न आणता, ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून) थेट नोंदवला: मोकळ्या कॉर्ड्स, तळहाताने दाबून वाजवलेल्या खालच्या तारा, वरच्या फ्रेटवरची एक लांब सुरावट, आणि शेवटी व्हॉल्यूम निम्म्यावर आणून पुन्हा त्याच कॉर्ड्स. मग त्या नोंदी संगणकातल्या एकाच ॲम्पच्या नमुन्यातून दोन प्रकारे काढल्या, एकदा जशाच्या तशा आणि एकदा सर्वांची पातळी सारखी करून. जोरकस पिकअपने इंटरफेसची इनपुट पातळी सहज लाल केली, तेव्हा गेन सगळ्यात मोठ्या आवाजाच्या गिटारवर बसवून घेऊन मगच नोंदी सुरू कराव्यात.

जशाच्या तशा ऐकताना सिरॅमिक पिकअप सरळ पुढे होता. पातळी सारखी केल्यावर चित्र पालटले. दाबून वाजवलेल्या तारांमध्ये तो अजूनही अधिक घट्ट आणि ठोस वाटत होता, पण मोकळ्या कॉर्डमध्ये कमी आउटपुटचा पिकअप स्पष्टपणे सरस होता: सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या आणि पिक हळू-जोरात लावल्याचा फरक आवाजात उतरत होता. लांब सुरावटीत मला जी भरीव नोट गमावण्याची भीती होती, ती कमी आउटपुटच्या नोंदीपुढे थोडा बूस्ट (सिग्नलला वाढीव जोर) लावल्यावर जवळजवळ तशीच मिळाली. उलट दिशेने मात्र जमले नाही. जोरकस पिकअपची पातळी कितीही उतरवली आणि वरचा पट्टा इक्वलायझरने कितीही उचलला, तरी तो मोकळेपणा आला नाही. खरखर तेवढी वाढली. पुढच्या साखळीत जोर वाढवता येतो, पण पिकअपमध्येच जे गळले ते तिथे भरून काढणे फार कठीण, हा माझ्यापुरता निर्णायक पुरावा ठरला.

तरीही जास्त आउटपुटची बाजू खरी आहे, आणि ती डावलणे बरे नाही. ज्यांचा ॲम्प स्वच्छ स्वभावाचा आहे आणि पेडल वापरायचे नाही, ज्यांच्या संगीतात दाबून वाजवलेल्या जड रिफ हाच कणा आहे, किंवा ज्यांच्या गिटारपुढे पेडलची लांब, थोडा आवाज करणारी रांग आहे, त्यांना मोठा सिग्नल सुरुवातीलाच मिळणे फायद्याचे असते. पुढे बूस्ट लावला की सिग्नलबरोबर खरखरही वाढते. बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप हा तिसरा मार्ग आहे. त्यांत कॉइलनंतर आतच छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे मोठा सिग्नल मिळूनही लांब केबलचा त्रास होत नाही. पण त्यांना 9 व्होल्टच्या बॅटरीसाठी जागा लागते आणि पॉटही बदलावे लागतात, सहसा 25 किलोओमचे. माझ्या गिटारच्या पोकळीत ती जागा नव्हती, म्हणून तो विचार मी पुढे नेला नाही.

एप्रिलच्या मध्यावर ठरले: अल्निको 5, साधारण 8 किलोओम, 42 गेजची तार, मेणात बुडवलेला. मेणाचा आग्रह मी मुद्दाम धरला. जुन्या पीएएफची हुबेहूब प्रत म्हणून विकले जाणारे काही पिकअप मेणाशिवाय येतात; त्यांचा आवाज अधिक जिवंत वाटतो असे अनेकांचे म्हणणे आहे, पण मोठ्या आवाजात ॲम्पजवळ उभे राहिले तर सैल वेटोळी थरथरून शिटी मारू लागण्याचा धोका असतो. रंगमंचावर माझी जागा ॲम्पपुढेच असते.

मागणी नोंदवताना इतके रकाने भरावे लागतील असे वाटले नव्हते. एका छोट्या कारागिराकडे हाताने गुंडाळून घेतले, त्यामुळे किंमत कारखान्यातल्या चांगल्या पिकअपच्या जवळपास दुप्पट झाली आणि प्रतीक्षाही आली. अर्जात पहिला प्रश्न जागेचा होता, नेक (गिटारच्या मानेजवळची जागा) की ब्रिज. ब्रिजजवळ तारेची हालचाल कमी असते, म्हणून ब्रिजचा पिकअप बहुधा थोडा जास्त गुंडाळतात. नेकसाठी केलेला तिथे लावला तर तो दुबळा वाटतो. त्यानंतर तारांमधले अंतर: ब्रिजवर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत मोजून ते मिलिमीटरमध्ये लिहायचे होते. पुढे धातूचे झाकण हवे की नको, बाजूचे पाय लांब की आखूड, वायर एक गाभ्याची की चार गाभ्यांची. मी चार गाभ्यांची मागितली, म्हणजे पुढे कधी दोन कॉइल समांतर जोडायच्या किंवा एकच वापरायची झाली तर वाट मोकळी राहते. पाय किती लांब हवेत हे ठरवण्यासाठी जुना पिकअप वर काढून पोकळीची खोली मोजावी लागली. हा रकाना अंदाजाने भरू नका.

अर्जाच्या तळाशी परत करण्याचा नियम होता, आणि तो मी दोनदा वाचला. वायर कापली किंवा तिच्यावर सोल्डर लागले की वस्तू परत घेतली जाणार नव्हती, आणि मागणीनुसार गुंडाळलेला पिकअप तर कोणत्याही कारणाने बदलून मिळणार नव्हता. दोष असल्यास मात्र दुरुस्तीची हमी होती. असे नियम अनेक ठिकाणी असतात. तयार पिकअप घेणाऱ्यांनी आधी वायर पूर्ण लांब ठेवून, टोके तात्पुरती मगरचिमट्यांनी जोडून ऐकावे. आवाजात थोडी गुणगुण येते, पण स्वभाव कळतो आणि परतीचा हक्क शाबूत राहतो. पैसे आगाऊ भरल्यानंतर आठ आठवड्यांची मुदत सांगितली होती. प्रत्यक्षात ती उन्हाळा ओलांडून जुलैपर्यंत लांबली. मधल्या काळात मन पुन्हा पुन्हा डळमळले. जुन्या पिकअपवर एखादी सोलो छान लागली की वाटायचे, हे उगाच चालले आहे. अशा वेळी मार्चमधल्या नोंदी पुन्हा ऐकण्याचा फार उपयोग झाला. निर्णय घेताना आपण काय ऐकले होते हे जपून ठेवले असेल, तर वाट पाहणे सुसह्य होते.

पिकअप आल्याबरोबर गिटारमध्ये घालण्याआधी मोजला: 8.1 किलोओम. दोन कॉइल वेगवेगळ्या मोजल्या तर त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते की नाही, हेही पाहता येते. मग वायरचे रंग. इथे थांबून कागद वाचणे आवश्यक आहे, कारण रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर सिग्नलची असते आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडतात. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची आणि काळी-पांढरी एकमेकींना. हिरवी आणि उघडी तार दोन्हींत जमिनीला (ग्राउंडला) जाते. एकाची आकृती दुसऱ्याला वापरली तर जोडणी पूर्णपणे चुकते.

नेकचा पिकअप जुनाच राहणार होता, म्हणून दोघांची दिशा जुळते का हे सोल्डरच्या आधीच तपासले. मीटर रोधावर ठेवून पिकअपला जोडायचा, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरची बाजू पोलवर टेकवायची आणि झटकन वर उचलायची. उचलताना आकडा क्षणभर वर जातो किंवा खाली जातो. दोन्ही पिकअपमध्ये तो एकाच दिशेने हलला, तर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज भरलेला येईल. उलट दिशेने हलला, तर एकत्र स्थितीत आवाज नाकातून आल्यासारखा किरटा होईल आणि एकाच्या वायरची अदलाबदल करावी लागेल. काटा असलेल्या जुन्या मीटरवर हे अधिक स्पष्ट दिसते. माझ्याकडे आकड्यांचा मीटर होता, म्हणून आकड्याची उडी नीट पकडण्यासाठी पुन्हा पुन्हा करून पाहावे लागले.

बसवण्याच्या दिवशी हात थरथरत होते, हे मान्य करायला हरकत नाही. तारा सोडवल्या, गिटारच्या अंगावर जाड कापड पसरले, कारण सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर कायमचा डाग पाडतो. जुनी जोडणी सोडवण्यापूर्वी तिचे स्वच्छ उजेडात फोटो काढले. जुन्या वायरच्या टोकाला लांब दोरा बांधून मग ती पिकअपच्या बाजूने ओढून घेतली. दोरा लाकडातल्या अरुंद बोगद्यात राहिला आणि नवी वायर त्याच दोऱ्याने परत खेचता आली. ही युक्ती नसती तर नवी वायर बोगद्यातून ढकलण्यात तासभर गेला असता.

अवघड जोड एकच होता: जमिनीची वायर पॉटच्या पाठीवर लावण्याचा. पॉटची पाठ म्हणजे धातूचा मोठा पत्रा, तो उष्णता ओढून घेतो आणि बारीक टोकाच्या आयर्नने तिथे सोल्डर नुसता मण्यासारखा गोळा होऊन बसतो. असा मणी दिसायला पक्का असतो, पण नखाने ढकलला की निघून येतो. आधी ती जागा बारीक पॉलिश कागदाने घासून चमकवली, आयर्नला रुंद टोक लावले, पाठीवर आणि वायरवर वेगवेगळा सोल्डर चढवून घेतला आणि मग दोन्ही एकत्र तापवले. सोल्डर वितळून पसरला, कडा पातळ झाल्या आणि थंड होताना त्याची चकाकी टिकली, तेव्हा जोड बसल्याचे कळले. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आयर्न टेकवून ठेवू नये, आतली पट्टी भाजते. एकमेकींना जोडायच्या दोन वायरींवर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, जेणेकरून त्यांचा दुसऱ्या कशाला स्पर्श होणार नाही. झाकण लावण्यापूर्वी गिटार ॲम्पला जोडून स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही पिकअपच्या पोलवर हलकेच टकटक केले, दोन्ही बोलले. तेवढ्या आवाजाने जे समाधान मिळाले ते पुढच्या पहिल्या कॉर्डच्या समाधानापेक्षा कमी नव्हते.

गिटार उघडलेलीच होती, म्हणून आणखी एक बदल केला: टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या टोकावरून काढून बाहेर जाणाऱ्या टोकावर लावला. या जुन्या पद्धतीच्या जोडणीत व्हॉल्यूम कमी केला तरी वरचा पट्टा कमी गळतो. तेवढ्याने पुरले नाही तर व्हॉल्यूम पॉटवर छोटा कपॅसिटर आणि रोधक बसवण्याचा पर्याय असतो. मला त्याची गरज पडली नाही. सोल्डर, नळी, पॉलिश कागद यांचा खर्च पिकअपच्या किमतीपुढे नगण्य होता. ज्यांच्याकडे आयर्नही नाही त्यांनी कारागिराची मजुरी आणि आयर्नची किंमत यांची तुलना करून ठरवावे.

पहिल्याच संध्याकाळी निर्णय योग्य ठरला असे मात्र घडले नाही. सवयीने ॲम्प जुन्याच जागेवर ठेवून वाजवले आणि गिटार अशक्त वाटली. नवा पिकअप ऐकताना ॲम्पच्या सगळ्या खुंट्या पुन्हा शून्यापासून लावाव्या लागतात. गेन वाढवला, ट्रेबल थोडा उतरवला, पेडलचा ड्राइव्ह कमी करून लेव्हल वाढवली. पिकअपची उंचीही पुन्हा बसवली. कमी आउटपुटच्या पिकअपला तारेच्या अधिक जवळ नेता येते, आणि माझ्या गिटारवर तो बारीक तारेच्या बाजूने दीड आणि जाड तारेच्या बाजूने दोन मिलिमीटरच्या आसपास स्थिरावला. ऑगस्टच्या सरावांमध्ये गिटारच्या व्हॉल्यूमची खुंटी मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरू लागले: सहावर कॉर्ड स्वच्छ आणि उजळ, आठवर कडा किंचित खडबडीत, दहावर ॲम्प पूर्ण फुटलेला, आणि सोलोसाठी पेडल. बासवादकाने न विचारताच सांगितले की माझ्या कॉर्ड्स आता कळतात.

दाबून वाजवलेल्या खालच्या तारांचा तो ठोस धक्का थोडा कमी झाला आहे, आणि आमच्या दोन गाण्यांत तो जाणवतो; तिथे पेडलच्या आधी बास किंचित कापला की काम भागते. जुना पिकअप त्याचे स्क्रू, स्प्रिंग आणि 14.8 हा आकडा लिहिलेल्या चिठ्ठीसह डब्यात ठेवला आहे. नेकचा पिकअप आता ब्रिजपेक्षा मोठा वाटू लागला, म्हणून त्याला प्रत्येक बाजूने एक फेरा खाली घेतला आणि त्याचे पोल स्क्रू तेवढेच वर काढले. दोन्हींची पातळी आता जुळली आहे, त्यामुळे तो बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.